विश्लेषण : मोबाइलवरची डॉक्टरकी… व्याख्याने आवडली, तरी ताण का वाढला?

करोनाकाळात एमबीबीएसचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले. त्या वेळचे विद्यार्थी आज रुग्ण तपासत आहेत किंवा पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. ऑनलाइन शिक्षणाबाबत ते समाधानी होते का आणि त्यांच्या मनावर किती ताण होता, याच्या पाहण्या जगभर झाल्या. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळत का नाहीत आणि पुढच्या साथीसाठी त्यातून काय घ्यायचे, याचा हा आढावा.

वैद्यकीय वर्ग ऑनलाइन का न्यावे लागले?

महाराष्ट्रात करोनाचा पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळला. दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली आणि विद्यार्थी गावी परतले. इतर शाखांचे वर्गही बंद झालेच, पण वैद्यकीय शाखेचा पेच वेगळा होता. या विद्यार्थ्यांची खरी शाळा रुग्णालयाच्या वॉर्डात भरते आणि नेमकी तीच जागा सर्वाधिक धोक्याची ठरली होती. सुरुवातीला एन-९५ मास्क आणि पीपीई किट निवासी डॉक्टरांनाच अपुरे पडत होते. शिकाऊ विद्यार्थ्यांना वॉर्डात आणणे म्हणजे संसर्गाची साखळी वाढवणे आणि तुटपुंजे साहित्य खर्ची घालणे, असा विचार अनेक देशांत झाला. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने १७ मार्च २०२० रोजीच विद्यार्थ्यांचा रुग्णांशी थेट संपर्क थांबवण्याची शिफारस केली होती.

इकडे शिकवण्याची रुग्णालयेच करोना रुग्णालये झाली. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये करोनासाठी राखीव करण्यात आले. शिकवणारे प्राध्यापक स्वतः करोना ड्युटीवर होते. त्यामुळे ड्युटीतून मिळालेल्या वेळेत घरून किंवा विभागातून झूम, गूगल मीटवर व्याख्यान घेणे एवढाच मार्ग उरला.

सर्वाधिक फटका कोणत्या तुकड्यांना बसला?

ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीचे उदाहरण बोलके आहे. देशात क्षमताधारित वैद्यकीय अभ्यासक्रम याच तुकडीपासून सुरू झाला. नुसते पाठांतर न करता पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख, संवादकौशल्य, कौशल्य प्रयोगशाळेतील सराव आणि प्रत्येक कृतीची लॉगबुकमध्ये नोंद, असे त्याचे स्वरूप होते. हाताने करून शिकण्यावर भर देणारा हा अभ्यासक्रम जेमतेम सात-आठ महिने चालला आणि विद्यार्थी घरी गेले. शवविच्छेदनाचे सभागृह बंद झाले, देहदान स्वीकारणेही अनेक ठिकाणी थांबले. वॉर्डातल्या पोस्टिंगची सुरुवात दुसऱ्या वर्षी होते, तीही याच तुकडीच्या बाबतीत साथीत सापडली.

पुढच्या तुकडीची गाडी तर फलाटावरूनच उशिरा सुटली. मे २०२० मध्ये होणारी ‘नीट’ दोनदा पुढे ढकलून १३ सप्टेंबरला झाली आणि पहिल्या वर्षाचे वर्ग १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाले. पाठोपाठ एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली. २०२१ च्या तुकडीचे वर्ग १४ फेब्रुवारी २०२२ पासून भरले. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी सुट्ट्या आणि वेळापत्रक आवळावे लागले. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची अडचण आणखी वेगळी होती. केसेस पाहायच्या शेवटच्या महिन्यांत ते घरी होते आणि परीक्षा कधी होणार, याचा ठाव लागत नव्हता.

समाधान आणि ताण मोजतात कसे?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मोजण्याच्या पट्ट्याही वेगळ्या आहेत. समाधानासाठी सहसा विधाने दिली जातात. व्याख्यान समजले का, शंका विचारता आली का, आवाज नीट आला का, पुन्हा असे शिकायला आवडेल का, यांवर ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ यांपैकी एक पर्याय निवडायचा असतो. म्हणजे हे मत शिकवण्याच्या पद्धतीबद्दलचे असते.

ताणासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘परसीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ ही प्रश्नावली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्या प्रचलित आवृत्तीत दहा प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४० गुण. १३ पर्यंत सौम्य, १४ ते २६ मध्यम आणि २७ च्या पुढे तीव्र ताण, असा ढोबळ अर्थ लावतात. या प्रश्नांमध्ये इंटरनेटचा किंवा शिक्षकाचा उल्लेखही नाही. गेल्या महिन्याभरात अचानक काही घडल्याने अस्वस्थ झालात का, आयुष्यातील महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का, अशा आशयाचे हे प्रश्न असतात. ‘पुढे काय होणार ते कळत नाही आणि माझ्या हातात काही नाही’ ही भावना त्यातून मोजली जाते. म्हणूनच एकच विद्यार्थी व्याख्यानांना चांगले गुण देऊन ताणाच्या पट्टीवर वरच्या टोकाला असू शकतो. त्यात विसंगती नाही.

विद्यार्थ्यांनी काय सांगितले?

या काळातील मोठ्या पाहण्यांपैकी एक ब्रिटनमध्ये मे २०२० मध्ये झाली. ३९ वैद्यकीय महाविद्यालयांतील २,७२१ विद्यार्थ्यांनी तिला प्रतिसाद दिला. ऑनलाइन शिक्षणातील वेळेची लवचिकता हा सर्वात मोठा फायदा असल्याचे त्यांनी नोंदवले. घरातील व्यत्यय आणि इंटरनेटची कमकुवत जोडणी या सर्वात मोठ्या अडचणी ठरल्या. मात्र, रुग्णाजवळ उभे राहून मिळणाऱ्या शिक्षणाची जागा ऑनलाइन वर्ग घेऊ शकले नाहीत, असे सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष कौशल्ये पडद्यावर शिकता येत नाहीत, असे तर दहापैकी आठ जणांनी सांगितले. ब्रिटनसारख्या इंटरनेट सर्वदूर पोहोचलेल्या देशातील हे उत्तर आहे, हे लक्षात घ्यायला हवे. म्हणजे जोडणी सुधारली की सगळे सुटेल, असे नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे अनुभवही याच वळणाचे होते. ध्वनिमुद्रित व्याख्यान हवे तेव्हा थांबवून पुन्हा ऐकता येणे, प्रवासाचा वेळ वाचणे, दोनशे जणांच्या सभागृहात शेवटच्या बाकावरून न दिसणारी आकृती स्पष्ट दिसणे, हे फायदे होते. सर्वांसमोर हात वर करायला कचरणारे विद्यार्थी चॅटमध्ये प्रश्न टाकू लागले. दुसरीकडे, समोर काळ्या चौकोनांची रांग पाहून आपले बोलणे कुणी ऐकते आहे की नाही, हे प्राध्यापकांना कळेनासे झाले.

पडद्यावर काय शिकता येते, काय नाही?

अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरच्या क्षमतेचा एक पिरॅमिड मांडला. सर्वात खाली ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसे करायचे हे माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष कामात करतो’ अशा चार पायऱ्या. खालच्या दोन पायऱ्यांसाठी ऑनलाइन शिक्षण उपयुक्त आहे. महासाथीच्या आधी, २०१९ मध्ये, वैद्यकीय पदवी शिक्षणातील अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. ज्ञान आणि कौशल्यांच्या चाचण्यांत ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा मागे असल्याचे त्यात दिसले नाही. पण ते प्रयोग नीट आखलेले होते. २०२० मध्ये झाले ते आणीबाणीतील दूरस्थ अध्यापन होते. रातोरात वर्ग पडद्यावर आणायचे आणि तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे वाचून दाखवायचे, या प्रकाराला त्या प्रयोगांच्या पंगतीत बसवता येत नाही.

वरच्या दोन पायऱ्या मात्र पडद्याला पेलणाऱ्या नाहीत. कावीळ म्हणजे काय, हे स्लाइडवर समजते. खिडकीच्या उजेडात डोळ्यातला पिवळेपणा ओळखायला रुग्ण लागतो. वाढलेली प्लीहा बोटांना कशी लागते, दुखणाऱ्या पोटावर हात किती जोराने ठेवायचा, शीर सापडत नसेल तर सुई कशी वळवायची, हे व्हिडीओ कितीही वेळा पाहिला तरी हातात येत नाही. रुग्णाची हिस्टरी घेणे हेही कौशल्यच. व्यसनाबद्दल थेट विचारले तर रुग्ण नाही म्हणतो, नातेवाइकाला बाहेर पाठवले की खरे बोलतो. हे वॉर्डातच कळते. वॉर्ड सुरू झाल्यावरही अडचण संपली नाही. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या, ओपीडी रोडावलेली आणि बहुतेक खाटांवर करोनाचेच रुग्ण. त्यामुळे हर्निया, थायरॉइडची गाठ किंवा हृदयाच्या झडपेचा आजार अशा शिकण्याच्या नेहमीच्या केसेस दुर्मीळ झाल्या.

मग व्याख्याने आवडूनही ताण का वाढला?

पहिले कारण अनिश्चितता. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या २०२० च्या उन्हाळी परीक्षा लांबल्या. एप्रिल २०२१ मध्ये होणारी पदव्युत्तर ‘नीट’ आधी पुढे ढकलली गेली, मग मे महिन्यात ती किमान चार महिने होणार नाही असे जाहीर झाले आणि अखेर ११ सप्टेंबरला ती पार पडली. त्याच वेळी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरसल्ला आणि सौम्य रुग्णांवर देखरेखीसाठी, तर इंटर्न डॉक्टरांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली करोना ड्युटीसाठी घेण्याचा निर्णय केंद्राने घेतला. पदव्युत्तर अंतिम परीक्षाच रद्द करा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२१ रोजी फेटाळली. त्यामुळे वर्षभर शिकवणी ऑनलाइन, पण परीक्षा प्रत्यक्ष आणि तारीख अधांतरी, अशी स्थिती होती.

दुसरे कारण म्हणजे आपण कच्चे राहिलो, ही भीती. ‘माझ्या हातून रुग्णाचे नुकसान होईल का?’ हा प्रश्न इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना अशा स्वरूपात पडत नाही. परीक्षेतील गुण चांगले असले तरी ती भीती जात नाही, कारण आपण काय पाहिलेले नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःला ठाऊक असते.

तिसरे कारण पडद्याचा थकवा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली. सतत जवळून होणारी नजरानजर, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव वाचण्यासाठी मेंदूला करावे लागणारे जादा कष्ट. चौथे कारण एकटेपणा. वसतिगृहातील रात्रीची एकत्र उजळणी, ‘व्हायवाला हेच विचारतात’ असे सांगणारे सीनियर, नापास झाल्यावर खांद्यावर हात ठेवणारा रूममेट ही आधाराची यंत्रणा अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेली नसते. ती बंद पडली तेव्हाच तिचे मोल कळले. त्यातच घरात कुणी बाधित, कुणाचा रोजगार गेलेला, कुणाच्या घरी मृत्यू झालेला.

सर्वांवर सारखाच परिणाम झाला का?

नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार शहरी भागात ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, ग्रामीण भागात ती जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे होती. संगणक शहरात २३.४ टक्के, तर गावात ४.४ टक्के घरांमध्ये होता. ‘नीट’ देऊन सरकारी महाविद्यालयात आलेल्या आणि टाळेबंदीत तांड्यावर, पाड्यावर किंवा वस्तीवर परतलेल्या विद्यार्थ्यासाठी या आकड्यांचा अर्थ सरळ होता. रेंजसाठी गच्ची किंवा बांध गाठायचा, रोजचा डेटा दुपारपर्यंत संपवायचा आणि पॅथॉलॉजीची स्लाइड पाच इंची पडद्यावर पाहायची. दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा मिळणे कठीण आणि मुलगी घरी आहे म्हटल्यावर तिच्याकडे घरकामही आपसूक आले. हजेरीचा नियम मात्र सर्वांना सारखाच. एरवी व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. जोडणी तुटली म्हणून हजेरी बुडाली, तर तो दोष कुणाचा, याचे उत्तर महाविद्यालयागणिक बदलत होते.

या पाहण्यांवर किती विसंबायचे?

जपूनच. बहुतेक प्रश्नावल्या गूगल फॉर्मवर तयार करून व्हॉट्सअॅपवरून पाठवल्या गेल्या. ज्याच्याकडे इंटरनेट नाही, त्याच्यापर्यंत ऑनलाइन शिक्षणाच्या अडचणींचा फॉर्मही पोहोचला नाही. त्यामुळे सर्वाधिक अडचणीत असलेलेच मोजणीतून सुटले. दुसरे, बहुतेक पाहण्या एकदाच झाल्या. साथीआधी त्याच विद्यार्थ्यांचा ताण किती होता, याची नोंद नसेल तर सगळा ताण ऑनलाइन शिक्षणाच्या नावावर टाकता येत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा ताण करोनाआधीही मोठाच होता. २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात जगभरातील अभ्यासांचे संकलन प्रसिद्ध झाले. त्यानुसार २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली होती आणि अशांपैकी जेमतेम १५.७ टक्के विद्यार्थ्यांनी उपचार घेतले होते.

तिसरी मर्यादा समाधानाचीच. समाधान वाटणे म्हणजे शिकणे नव्हे. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या एका प्रयोगात, डोके चालवायला लावणाऱ्या वर्गात विद्यार्थी अधिक शिकले, पण त्यांना स्वतःला वाटले की छान व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा आपण कमी शिकलो. म्हणून ‘विद्यार्थी समाधानी आहेत’ एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

नियामकांची भूमिका काय राहिली?

राष्ट्रीय वैद्यक आयोग साथीच्या मध्यावर, २५ सप्टेंबर २०२० रोजी कार्यरत झाला. आयोगाने १ डिसेंबर २०२० पर्यंत महाविद्यालये उघडण्याची शिफारस केली. डॉक्टर घडवायला रुग्णालय लागतेच, याची ती कबुली होती. परदेशात शिकणाऱ्यांबाबत आयोगाने हीच भूमिका अधिक कठोरपणे घेतली. चीनने सीमा बंद केल्याने सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी मायदेशी अडकले होते, त्यांतील बहुतेक वैद्यकीय शाखेचे. निव्वळ ऑनलाइन पद्धतीने केलेले वैद्यकीय शिक्षण मान्य नाही, असे आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याच महिन्यात युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि तिथले हजारो विद्यार्थीही परतले. साथ किंवा युद्धामुळे अंतिम वर्षात परतावे लागून ३० जून २०२२ पर्यंत पदवी पूर्ण झालेल्यांना आयोगाने पात्रता परीक्षा देऊ दिली, मात्र त्यानंतर एकऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप सक्तीची केली. बुडालेला वॉर्डातला काळ भरून काढायलाच हवा, हे तत्त्व त्यात होते.

देशातल्या विद्यार्थ्यांचे नुकसान तुलनेने कमी होते. वॉर्ड त्यांना अंतिम परीक्षेआधी पुन्हा मिळाले. तरीही कोणाचे कोणते कौशल्य राहून गेले, हे तपासण्याची देशपातळीवर एकसारखी व्यवस्था झाली नाही. उलट वेळापत्रक आवळल्याने भरपाईसाठी लागणारा वेळच कमी झाला. २०१९ च्या तुकडीवर ‘नेक्स्ट’ या नव्या परीक्षेची टांगती तलवार जुलै २०२३ पर्यंत होती. ती तेव्हा लांबणीवर टाकण्यात आली.

पुढे काय करायला हवे?

ऑनलाइन शिक्षण पूर्णपणे सोडून देण्याचे कारण नाही. व्याख्यान घरी ऐकून यायचे आणि वर्गातला वेळ केस सोडवायला वापरायचा, ही पद्धत खालच्या दोन पायऱ्यांसाठी चांगली आहे. मात्र, तिच्यामुळे वाचलेला वेळ वॉर्डाला मिळाला पाहिजे. शिक्षकांची रिक्त पदे झाकण्यासाठी पडद्याचा वापर झाला, तर मूळ दुखणे वाढेल. पुढच्या साथीसाठी नियम आधीच ठरलेले हवेत. कोणत्या टप्प्यावर कोणते विद्यार्थी वॉर्डातून बाहेर जातील, त्यांना संरक्षक साहित्य आणि विमा कोण देईल, हजेरी कशी धरली जाईल, परीक्षेची सूचना किमान किती आठवडे आधी मिळेल आणि राहिलेली कौशल्ये लॉगबुक पाहून कशी भरून काढली जातील, हे कागदावर असेल तर अनिश्चिततेतून येणारा ताण बराच कमी होईल. त्याला पैसाही फारसा लागत नाही.

मानसिक आरोग्याचा प्रश्न साथीबरोबर संपलेला नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने केलेल्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचे नोंदवले, असे २०२४ चा अहवाल सांगतो. तोवर वर्ग प्रत्यक्ष भरत होते, वसतिगृहे भरलेली होती. म्हणजे पडद्याने ताणात भर घातली, पण त्याची मुळे त्याआधीची आहेत. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. मात्र, मदत मागितल्याची नोंद आपल्या गुणांवर किंवा नावावर उमटणार नाही, हा विश्वास विद्यार्थ्याला त्याच्या महाविद्यालयातच मिळायला हवा. तो नसेल, तर ताणाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या जातील आणि त्यातले आकडे अहवालातच राहतील.